आधी फ्रिजची पाठ गार करा : उन्हाळ्यातल्या कॅरॅव्हॅनसाठी

कॅरॅव्हॅनमधला, म्हणजे चाकांवरच्या घरातला, तुमचा हा पहिलाच उन्हाळा असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि पाठीमागून बाहेर टाकतो. मागची हवा आधीच तापलेली असेल किंवा कोंडलेली असेल, तर पुढचं बटण कितीही फिरवा, दूध नासायचं ते नासणारच. गाडीतल्या उकाड्याचंही तेच. पातळ भिंतींची ही खोली लवकर तापते, आणि एकदा आत शिरलेली उष्णता बाहेर काढणं जिकिरीचं असतं. ती शिरूच न देणं त्यामानाने सोपं. खालची कामं ज्या क्रमाने करायची, त्याच क्रमाने दिली आहेत.

निघण्याच्या आदल्या दिवशी

आपला फ्रिज कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा. चालू असताना अधूनमधून घरघर ऐकू येत असेल तर तो कॉम्प्रेसरचा. अजिबात आवाज नसेल आणि बटणांवर ज्योतीचं चिन्ह असेल, तर तो गॅस, १२ व्होल्ट आणि मेनची वीज या तिन्हींवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज. ही पद्धत बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधून काढली. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांमध्ये बंद केलेले असतात. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून वेगळा होतो, मागच्या पत्र्यांच्या जाळीत उष्णता सोडून त्याचा द्रव होतो, आणि आतल्या भागात त्याची पुन्हा वाफ होताना तो फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. ज्योत पेटवून गारवा मिळवायचा, असा हा उलटा वाटणारा प्रकार. त्यात हलणारा एकही भाग नाही, म्हणून आवाज नाही. पण कामही संथ. उन्हाळ्यातल्या बहुतेक तक्रारी याच जातीच्या असतात, म्हणून पुढे याच्यावरच जास्त बोलणार आहे.

फ्रिजच्या आत, बहुधा बाजूच्या भिंतीवर, एक छोटी पट्टी असते. तिच्यावर हवामान वर्गाची अक्षरं दिसतील. एसएन आणि एन हे वर्ग भोवतालच्या ३२ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी, एसटी ३८ पर्यंत आणि टी ४३ पर्यंत. हा आकडा फ्रिजच्या भोवतालच्या हवेचा आहे, हवामानाच्या बातमीतला नव्हे. बाहेर ३४ असताना उन्हातल्या भिंतीमागची पोकळी सहज त्याच्या वर जाते. एन वर्गाचा फ्रिज तिथे दमला तर तो बिघडलेला नाही, त्याच्या ताकदीबाहेरचं काम आपण त्याला सांगितलंय.

फ्रिज मेनच्या विजेवर शक्यतो २४ तास आधी लावा, निदान रात्रभर तरी. आत जे ठेवायचं ते आधीच गार केलेलं हवं. कोमट पाण्याच्या चार बाटल्या ठेवल्या की या संथ फ्रिजचा अर्धा दिवस त्या बाटल्यांवरच जातो. घरच्या फ्रीजरमध्ये दोन-तीन बाटल्या पाण्याचा बर्फ करून घ्या. बाटली काठोकाठ भरू नका, बर्फ होताना पाणी फुगतं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल, म्हणजे सुमारे ९३ वॅट-तास उष्णता शोषून घेतो. वर पाणी प्यायला मिळतंच.

दाराचं रबर तपासायला कागदाचा एक कपटा पुरतो. तो दारात अडकवून दार लावा आणि ओढा. घट्ट बसला पाहिजे. चारही बाजूंनी, कोपऱ्यांत विशेष करून, असं करून पाहा. जिथे कपटा अलगद निघून येतो तिथून गरम हवा आत शिरते. रबर कोमट साबणपाण्याने पुसलं तर बऱ्याचदा पुन्हा नीट बसतं. चिरलं असेल तर बदला.

वाटेत ॲब्सॉर्प्शन फ्रिज १२ व्होल्टवर ठेवायचा, तोही इंजिन चालू असेपर्यंतच. तो साधारण १२० ते १७० वॅट, म्हणजे १० ते १४ ॲम्पियर खातो. १०० ॲम्पियर-तासाच्या साध्या बॅटरीतली निम्मीच शक्ती वापरणं बरं, आणि ती चार-पाच तासांत संपते. जेवायला थांबलात तर दार उघडू नका, तेवढा वेळ गारवा टिकतो. पेट्रोल पंपावर गॅसची ज्योत बंद हवी, याला अपवाद नाही.

जागा आणि दिशा

जागेवर पोचल्यावर गाडी लगेच टेकवू नका. फोनमधलं होकायंत्र उघडा आणि दुपारी तीन-चारला सूर्य कुठे असेल ते बघा. सर्वांत त्रास पश्चिमेच्या उन्हाचा. त्या वेळी हवा तापलेली असते आणि ऊन तिरपं होऊन खिडक्यांतून थेट आत येतं. फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्या ज्या भिंतीवर आहेत ती भिंत उत्तर गोलार्धात उत्तरेला किंवा पूर्वेला यावी, दक्षिण गोलार्धात दक्षिणेला किंवा पूर्वेला. मोठी खिडकी सावलीत ठेवू की फ्रिजची बाजू, असा पेच पडला तर मी डोळे मिटून फ्रिजची बाजू निवडेन. खिडकी झाकता येते, फ्रिजच्या जाळ्या झाकता येत नाहीत.

झाडाची सावली ताडपत्रीच्या सावलीपेक्षा केव्हाही सरस, कारण पानांतून पाणी उडत असल्याने झाडाखालची हवाही जरा गार असते. मात्र मोठ्या, जुन्या फांदीच्या बरोबर खाली उभं राहू नका. कडक उन्हाच्या निवांत दुपारी वारा नसतानाही काही झाडांच्या जाड फांद्या मोडून पडतात. सौर पॅनेलवर फ्रिज चालवणाऱ्यांनी तर आणखी विचार करावा, पॅनेलच्या थोड्या भागावर सावली आली तरी वीज बरीच घटते. डांबर किंवा काँक्रीटपेक्षा गवताची जमीन घ्या. डांबर रात्रीसुद्धा उष्णता सोडत राहतं.

मग गाडी समपातळीत आणा. ॲब्सॉर्प्शन फ्रिजमध्ये द्रव स्वतःच्या वजनाने खाली वाहतो, म्हणून गाडी दोन-तीन अंशांपेक्षा जास्त कललेली असेल तर चक्र अडखळतं. लेव्हलची पट्टी गाडीच्या जमिनीवर ठेवण्यापेक्षा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याच्या तळावर ठेवा, आधी आडवी, मग उभी. कॉम्प्रेसरचा फ्रिज याबाबतीत फारसे नखरे करत नाही.

सावली बाहेरून

डोक्यावरच्या स्वच्छ उन्हात एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट उष्णता पडते. अर्ध्या चौरस मीटरच्या खिडकीवर ऊन सरळ पडलं तर ५०० वॅटपर्यंतचा मारा तिथे होतो. आतून पडदा ओढला की ऊन दिसेनासं होतं, पण त्यातली बरीच उष्णता काच ओलांडून आत आलेली असते आणि पडद्याला तापवते. तोच चकचकीत पडदा बाहेरून लावला तर ती आत येतच नाही. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर बाहेरच्या आवरणांवर घाला.

कॅरॅव्हॅनच्या खिडक्या बहुधा दुहेरी ॲक्रिलिकच्या असतात. त्यांच्यावर आतून चिकटणारी काळी फिल्म लावू नका, उष्णता अडकून ॲक्रिलिकला बारीक भेगा पडू शकतात. मुळातले घडीचे पडदेही कडक उन्हात पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा दोन बोटं फट ठेवलेले बरे. आणि ॲक्रिलिक पुसायला स्पिरिट किंवा काचेचा फवारा वापरू नये.

छतावर ताडपत्री अंथरून काही होत नाही. ती तापते आणि खालचं छत तापवते. ती छतापासून हातभर उंच ताणायची, म्हणजे मधून वारा वाहील. उष्ण प्रदेशांत जाणाऱ्या लँड रोव्हर गाड्यांवर दुसरं छत बसवत, त्यामागे हीच युक्ती होती. झरोके आणि पॅनेल झाकले जाणार नाहीत एवढं पाहा. ताडपत्री फिक्या रंगाची घ्या आणि वारा सुटला की उतरवा. पाणी मुबलक असेल तर संध्याकाळी छतावर थोडं शिंपडा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता जाते. फ्रिजच्या जाळ्यांवर मात्र पाणी मारू नका, मागे विजेच्या जोडण्या आणि बर्नर असतो.

फ्रिजची पाठ

आता मुख्य काम. बाहेरच्या भिंतीवर फ्रिजच्या दोन जाळ्या असतात, एक खाली, एक वर. खालून हवा आत जाते, मागच्या नळ्यांवरून आणि पत्र्यांवरून वर चढताना तापते आणि वरच्या जाळीतून बाहेर पडते. मागची पोकळी धुराड्यासारखं काम करते. फ्रिज तासभर चालल्यावर वरच्या जाळीसमोर तळहात धरा. गरम हवेचा झोत स्पष्ट लागला पाहिजे. झोत लागत नाही आणि जाळीचं प्लास्टिक मात्र चटका देतंय, असं असेल तर उष्णता आत अडकली आहे.

हिवाळ्यात जाळ्यांवर लावायची झाकणं अजून तशीच नाहीत ना, ते आधी पाहा. हसू नका, हे फार जणांचं राहून जातं. मग जाळ्या काढून आतली कोळिष्टकं, गांधीलमाशांची घरटी, पाचोळा साफ करा. हे फ्रिज आणि गॅस बंद करून, सगळं गार झाल्यावर.

वरची जाळी काढली की आत टॉर्च मारा. काळ्या पत्र्यांची एक जाळी दिसेल. अमोनिया तिथेच उष्णता सोडतो. ही जाळी आणि गाडीची बाहेरची भिंत यांच्यात किती अंतर आहे ते बघा. दोन-अडीच सेंटिमीटर ठीक. त्याहून बरीच जास्त मोकळी जागा असेल तर हवा आळशी वाट धरते, पत्र्यांना न शिवता भिंतीला लागून वर निघून जाते. तिथे भिंतीच्या बाजूने ॲल्युमिनियमचा वाकवलेला पत्रा असा बसवा की हवेला पत्र्यांमधूनच जावं लागेल. शिवाय फ्रिजच्या वर आणि बाजूंना गाडीच्या आत उघडणारी फट असेल तर ती न जळणाऱ्या पट्टीने बंद करा. त्या फटीतून गरम हवा झोपायच्या जागेत येते, आणि फ्रिज गॅसवर असेल तर जळालेला वायूही.

एवढं करून भागलं नाही तर पंखे. संगणकात असतात तसले १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे पुरतात. ते वरच्या जाळीच्या आतल्या बाजूला, पत्र्यांच्या किंचित वर बसवायचे आणि हवा बाहेर फेकतील असे वळवायचे. पंख्याच्या कडेवर बारीक बाण कोरलेला असतो, तो हवेची दिशा दाखवतो. प्रत्येक पंखा साधारण ०.२ ॲम्पियर घेतो, म्हणजे दोन्ही दहा तास चालले तरी ४ ॲम्पियर-तासच. तारेत छोटा फ्यूज हवाच. पत्र्यांना चिकटवायचा तापमानाचा स्विच मिळतो. तो लावला की पंखे गरज असेल तेव्हाच फिरतात. काम झाल्यावर पातळ कागदाचा तुकडा खालच्या जाळीजवळ धरा, तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. वरच्या जाळीजवळ धरला तर बाहेर फडफडला पाहिजे. खालच्या बाजूला पंखा बसवून आत हवा मारण्याचा मोह टाळा. बर्नर तिथेच असतो आणि वाऱ्याने ज्योत हेलकावते किंवा विझते. गॅसच्या नळीजवळ भोक पाडायची वेळ आली तर ते काम जाणकार कारागिराचं.

जाळ्या कायमच्या काढून ठेवू नका. पाऊस आणि उंदीर दोन्ही आत जातात. त्यांच्यावर ऊन येतंच असेल तर फूट-दीड फूट पुढे कापड ताणा, खालून, वरून आणि बाजूंनी मोकळं. भिंतीला टेकलेलं कापड नको. आणि या जाळ्या बाहेरच्या तंबूच्या आत उघडत असतील तर तंबूची बाजू उघडी ठेवा. बंद तंबूत फ्रिज आपलीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो. गॅसवर असताना तिथे कार्बन मोनॉक्साइडही साठू शकतो, म्हणून बंद तंबूत फ्रिज गॅसवर चालवायचाच नाही.

फ्रिजच्या आत

दाराच्या कप्प्यात लावलेला थर्मामीटर प्रत्येक वेळी दार उघडल्यावर उडी मारतो. त्याऐवजी मधल्या कप्प्यावर पाण्याचा एक पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा. खाण्याच्या वस्तूचं तापमान त्यातून खरं कळतं. ते ५ अंशांच्या आत हवं. ऐन उन्हाळ्यात दुपारी सात-आठवर चढलं आणि रात्रीत उतरलं तर फ्रिजला दोष देऊ नका, पण कच्चं मांस आणि दूध तळाच्या, सगळ्यांत गार कोपऱ्यात हलवा.

फ्रिज ठासून भरू नका आणि कप्प्यांवर कागद अंथरू नका, हवा फिरली पाहिजे. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आत ठेवला तर वरचा आणि खालचा कप्पा यांतला फरक कमी होतो. आतल्या पत्र्यावर बर्फाचा थर तीन मिलिमीटरच्या पुढे गेला की वितळवा. सुरीने खरवडू नका. पिण्याच्या बाटल्यांसाठी बर्फाची वेगळी पेटी ठेवा, कारण दिवसभर उघडलं जातं ते पाण्यासाठी. विजेवर चालणारी स्वस्त गारवा-पेटी घेणार असाल तर तिची मर्यादा माहीत असू द्या: ती भोवतालच्या हवेपेक्षा साधारण २० अंशच खाली जाते. ४० च्या दुपारी आत २० म्हणजे पाणी बरं लागेल, मांस टिकणार नाही.

दिवसाचा क्रम

सकाळी बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गरम व्हायला लागली की उन्हाकडच्या खिडक्या लावून झाका. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम झाली की सगळं उघडा. दोन स्वस्त थर्मामीटर, एक आत, एक बाहेर सावलीत, हा निर्णय सोपा करतात. रात्री छताचा झरोका पूर्ण उघडा आणि सावलीकडची एखादी खालची खिडकी. गरम हवा वरून जाते, गार खालून येते. जमिनीतली आणि दारातली कायमची भोकं कधीही बुजवू नका, धूळ आली तरी चालेल. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि त्याच वाटेने बाहेर जातो.

स्वयंपाक बाहेर, नाहीतर पहाटे. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम उडवतो, म्हणून कोणी नसलेल्या खोलीत तो फिरवून उपयोग नाही. हवा ४० अंशांच्या वर असेल तर तो उलट अंग तापवतो. पाण्याचा कूलर कोरड्या हवेत झकास चालतो, पण एक खिडकी उघडी लागते. दमट हवेत तो फक्त चिकचिक वाढवतो.

एसी शेवटी. सावली नसलेल्या गाडीत तो दिवसभर धापा टाकतो आणि जागेवरच्या विजेचा फ्यूज उडवतो. किती ॲम्पियर मिळतात ते आधी विचारा आणि एसी चालू असताना किटली लावू नका. वायरची रीळ पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेली वायर जास्त भाराखाली तापून वितळते.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, पण ते गोठता कामा नये. म्हणून बर्फाच्या पत्र्याला टेकवू नका. लहान मूल किंवा कुत्रं बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका, एसी चालू असला तरी, कारण वीज जाते तेव्हा सांगून जात नाही. फ्रिज रात्री बंद पडला आणि पेल्यातला थर्मामीटर ५ च्या वर चार तासांहून जास्त राहिला असेल तर दूध, मांस, शिजवलेलं अन्न टाकून द्या. वास येत नाही म्हणून ते चांगलं असं नाही.

सावली केली, पाठ मोकळी केली, पंखे लावले, गाडी समपातळीत आहे, तरी मागच्या नळ्या कोमटसुद्धा होत नाहीत, तर तिन्ही इंधनं आळीपाळीने लावून पाहा. एकावर चालतो आणि दुसऱ्यावर नाही, तर बिघाड त्या इंधनाच्या जोडणीत आहे आणि दुरुस्त होतो. मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा झोंबणारा वास आला तर नळी गळते आहे. भुकटीला हात लावू नका, ती विषारी असते. फ्रिज आणि गॅस बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या सताड उघडा. अशा गळतीत मागचं युनिट किंवा अख्खा फ्रिज बदलावा लागतो, आणि तोवर बर्फाच्या पेटीवर भागवायचं.